चरबी नेमकी कुणाची काढायची? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

गडचिरोली-चंद्रपूरहून आपल्याकडे येणारी पत्रं बहुधा हिवताप, सिकलसेल, रिक्त पदं, वाघ-अस्वलांचे हल्ले, पुलाअभावी खाटेवर घालून आणलेली बाळंतीण अशा विषयांची असतात. हे पत्र अंगातली चरबी काढण्याच्या आणि एका जागची चरबी दुसऱ्या जागी बसवण्याच्या उपायांबद्दल आहे. विषय वाचून आपल्या कार्यालयात कुणाला हसू आलं तर येऊ द्या. कुपोषणासाठी ज्या जिल्ह्यांची नावं पेपरात येतात तिथून असं पत्र निघावं, याचं मलाही हसू आलं. हसून झालं की वाचायला सांगा.

मी डॉक्टर नाही. हत्तीरोग नियंत्रण पथकात नोकरी करून निवृत्त झालो. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा रक्तात फारसे सापडत नाहीत, रात्री वर येतात, म्हणून आमची ड्यूटी रात्री आठनंतर सुरू व्हायची. झोपलेल्या माणसाला उठवून त्याच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि वर त्याची बोलणी खायची, असं ते काम. या भागातल्या माणसांचे पाय, पोटं आणि रक्त मी पाहिलं आहे ते एवढ्यापुरतं.

चंद्रपूर आता पूर्वीचं राहिलेलं नाही. वेकोलिच्या खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी, सिमेंटचे कारखाने यांचा पगार शहरात येतो, आणि पगारामागोमाग पोटंही सुटतात. ब्रह्मपुरी-वडशाला ज्या भिंतींवर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं लागतात, त्यांच्या शेजारी आता पोट कमी करून देण्याच्या जाहिराती दिसतात. मोबाइलवर तर विचारूच नका. एका बैठकीत, विनाशस्त्रक्रिया, हप्त्याची सोय. कुणी स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या देहाची हौस करत असेल तर त्याला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. चाळिशीतल्या बाईला आरशात बरं दिसावंसं वाटणं हा गुन्हा नव्हे, आणि 'तिकडे लोक उपाशी आहेत' असं तिला सुनावल्याने उपाशी माणसाच्या ताटात काही पडत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तिला जे विकलं जातं ते काय आहे, हे तिला कुणी सांगत नाही.

ब्रह्मपुरीच्या माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा ती मला म्हणाली, "मामा, पोटाची चरबी काढून गालात भरून देतात म्हणे. खरं आहे काय?" खरं आहे, मी म्हणालो. मग जेवढं वाचलं होतं आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून समजून घेतलं होतं, तेवढं तिला सांगितलं. तेच इथे लिहितो, कारण हे सांगायचं काम माझं नसून आपल्या खात्याचं आहे.

अंगात चरबी दोन ठिकाणी असते. एक कातडीखाली, चिमटीत येते ती. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती. ती चिमटीतही येत नाही आणि सर्जनच्या नळीलाही लागत नाही. साखर आणि हृदय यांचं गणित मुख्यतः या दुसरीशी आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या संशोधकांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या अंगातून लायपोसक्शनने सुमारे दहा-दहा किलो चरबी काढली आणि अडीच-तीन महिन्यांनी त्यांचं रक्त तपासलं. इन्शुलिनला शरीर देत असलेली साथ तेवढीच, रक्तदाब तेवढाच, कोलेस्टेरॉल तेवढंच. एवढीच चरबी खाणं कमी करून आणि चालून गेली असती तर हे सगळे आकडे हलले असते. पुढे २०११ मध्ये कोलोरॅडोतल्या अभ्यासात दिसलं की मांड्यांची चरबी काढलेल्या बायकांच्या अंगावर वर्षभरात तेवढी चरबी परत आली. मांड्यांवर नव्हे, पोटावर. शरीराचा हिशेब पक्का असतो; एका खात्यातून काढलेलं ते दुसऱ्या खात्यात जमा करून घेतं.

म्हणजे लायपोसक्शन हा आकार बदलण्याचा उपाय आहे, वजनाचा आणि मधुमेहाचा नव्हे. ज्याचं वजन साधारण ठीक आहे, पण कंबरेवर किंवा मांडीवर एखादा हट्टी गोळा आहे, त्याच्यासाठी तो चांगला आहे. जाहिरात मात्र नेमकी शंभर किलोच्या, साखर वाढलेल्या माणसाला बोलावते.

करतात ते असं. कातडीला काही मिलिमीटरचं छिद्र पाडून मिठाच्या पाण्यात भुलीचं औषध आणि ॲड्रेनालिन मिसळून ते चरबीत भरतात, मग पातळ नळीने ओढून काढतात. नळीचं आजचं रूप पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी १९७७ नंतर रूढ केलं. त्याच पॅरिसमध्ये १९२० च्या दशकात दुजारिए नावाच्या सर्जनने एका नर्तकीचे पाय बारीक करायला चरबी खरवडून काढली होती. पाय सडला, कापावा लागला, प्रकरण कोर्टात गेलं. भुलीचं पाणी आधी भरण्याची युक्ती कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांची, १९८५ च्या सुमाराची. तिच्यामुळे रक्तस्राव एकदम कमी झाला आणि संपूर्ण भूल न देताही हे करता येऊ लागलं. सोपं झालं म्हणूनच ते छोट्या दवाखान्यांतही शिरलं.

इथे आमच्या भूगोलाचा प्रश्न येतो. त्या पाण्यातलं लिडोकेन वजनाच्या हिशेबाने मोजावं लागतं, कारण जास्त झालं तर हृदयाची लय बिघडते. आणि रक्तात ते सर्वांत जास्त चढतं ते शस्त्रक्रियेनंतर दहा-बारा तासांनी. नागपुरात सकाळी शस्त्रक्रिया करून दुपारी सोडलेली बाई त्या वेळी आलापल्लीच्या पुढे जंगलात एसटीत बसलेली असेल. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा या शस्त्रक्रियेचा दुसरा मोठा धोका, आणि तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसणं ही त्या गुठळीला दिलेली मुभाच. सकाळी येऊन संध्याकाळी घरी, हे पुण्या-मुंबईच्या अंतरांना शोभणारं वेळापत्रक आहे. भामरागड-सिरोंच्याच्या माणसाला किमान एक रात्र, मोठं काम असेल तर त्याहून जास्त, शहरात ठेवून घेण्याची सक्ती हवी. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त ओढायचं तर ती मोठी शस्त्रक्रिया समजून रुग्णालयात रात्रभर लक्ष ठेवावं, असं प्लास्टिक सर्जनच्या संघटनांनीच सांगितलं आहे.

सिरोंच्यात तेलुगू सिनेमे घरोघर पाहतात. आरती अगरवाल ही नटी तिथल्या लोकांना माहीत होती. जून २०१५ मध्ये ती न्यू जर्सीत गेली तेव्हा ती ३१ वर्षांची होती. काही आठवड्यांपूर्वी तिने लायपोसक्शन करून घेतलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. मे २०२२ मध्ये बंगळुरूत कन्नड मालिकांतली चेतना राज, वय २१, चरबी काढण्याची शस्त्रक्रिया करायला गेली आणि परत आली नाही. अशा बातम्या आल्या की दोन दिवस चर्चा होते आणि तिसऱ्या दिवशी तीच जाहिरात पुन्हा दिसते.

लायपोसक्शनची थोरली बहीण म्हणजे पोटाची शस्त्रक्रिया, टमी टक. यात चरबीपेक्षा सैल कातडी कापून काढतात आणि बाळंतपणांत फाकलेले पोटाचे स्नायू मधोमध शिवतात. व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, गुठळीचा धोका सर्वांत जास्त, बरं व्हायला काही आठवडे. तरीही ज्या बाईचं पोट तीन-चार बाळंतपणांनंतर लोंबतं, तिला नळीचा उपयोग नसतो, याचाच होतो. प्रामाणिक सर्जन तिला तसं सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट बघावी लागते, आणि ती आमच्याकडे पुण्यापेक्षा जास्त जपून बघावी लागते: पोट मोठं आहे ते चरबीने का? हिवतापाच्या पट्ट्यात पानथरी वाढलेली असते. सिकलसेलच्या रुग्णांतही ती वाढलेली असू शकते. अंडाशयाची गाठ असते, पोटात पाणी असतं, हर्निया असतो. ज्या हर्नियात आतडं उतरलं आहे त्यावर नळी चालवली तर काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. सोनोग्राफीशिवाय पोटाला हात लावू नये, एवढा साधा नियम हवा. पण ज्या ठिकाणी हे काम पार्लरच्या मागच्या खोलीत चालतं तिथे सोनोग्राफीचं यंत्र कुठून येणार?

आता थंडीने चरबी मारण्याचा उपाय, कारण सध्या सगळ्यात जास्त तोच विकला जातो. बर्फाच्या कांड्या चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालांतली चरबी खंगते, हे डॉक्टरांच्या फार आधी लक्षात आलं होतं. त्या धाग्यावरून हार्वर्डशी संलग्न रुग्णालयातल्या डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी यंत्र बनवलं आणि २०१० मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. कातडीची घडी यंत्रात ओढून घेऊन तासाभरापर्यंत गोठवतात. कातडी वाचते, चरबीच्या पेशी मरतात, आणि दोन-तीन महिन्यांत तिथला थर सुमारे पाचव्या हिश्श्याने, फार तर चौथ्या हिश्श्याने पातळ होतो. सुई नाही, भूल नाही, हे सगळं खरं. पण क्वचित कुणाच्या अंगात उलटंच होतं: गोठवलेल्या जागी चरबी कमी होण्याऐवजी कडक होऊन वाढते, आणि मग ती काढायला शस्त्रक्रियाच लागते. लिंडा इव्हँजेलिस्टा या एकेकाळच्या अतिप्रसिद्ध मॉडेलने सप्टेंबर २०२१ मध्ये हे आपल्या बाबतीत घडल्याचं जगाला सांगितलं. हे घडल्याचं वैद्यकीय नियतकालिकात २०१४ पासून नोंदलेलं आहे. आमच्याकडच्या पत्रकावर ती ओळ मला दिसलेली नाही.

उष्णतेची, ध्वनिलहरींची, लेसरची यंत्रं याच वर्गातली. परिणाम असाच मर्यादित, धोका म्हणजे मुख्यतः भाजण्याचा. इंजेक्शनाबद्दल एवढंच: डीऑक्सिकोलिक आम्लाला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी; पोट-दंड-मांडी त्यात नाही, आणि हनुवटीखालीही सुई चुकली तर ओठाची हालचाल करणाऱ्या नसेला इजा होऊन हसणं काही काळ वाकडं होतं. पोटाला बांधायचे थरथरणारे पट्टे आणि तेलं यांवर शाई खर्च करत नाही. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात विक्रीला आली. ती निराळ्या जातीची: त्यांनी भूक आणि खरोखरचं वजन कमी होतं, आणि म्हणूनच ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत.

राहिला भाचीचा प्रश्न, पोटाची चरबी गालात. ही कल्पना नवी नाही. १८९३ मध्ये जर्मन सर्जन नॉयबर याने दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या व्रणाचा खड्डा भरला होता. आज नळीने काढलेली चरबी गाळून, थेंबाथेंबाने पेरतात. त्यातली काही जगते, काही विरून जाते. किती जगेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, म्हणून पुन्हा बोलावतात. गालात हे बरंच सुरक्षित आहे. नितंबात, म्हणजे ज्याला ब्राझीलच्या नावाने ओळखतात त्या शस्त्रक्रियेत, चरबी स्नायूत खोल गेली आणि शिरेत शिरली तर थेट फुप्फुसात जाते. २०१७ मध्ये प्लास्टिक सर्जनच्या संघटनेनेच नेमलेल्या पथकाने मोजलं तेव्हा सुमारे तीन हजारांत एक मृत्यू आढळला. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेत हा आकडा भयंकर आहे. पुढच्याच वर्षी स्नायूत चरबी घालू नका, असा इशारा निघाला.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं आणि गाल आहेत तसेच ठेवले. पण ती निघायच्या आधी मी तिला एक गोष्ट विचारली: तुझं सिकलसेलचं तपासलं आहे का? आणि हाच, महोदय, या पत्राचा पहिला मुद्दा आहे.

सिकलसेल आमच्याकडे घराघरात आहे. गोंड, माडिया, परधान, बौद्ध, ओबीसींतल्या कितीतरी जातींत. १ जुलै २०२३ ला शहडोलहून पंतप्रधानांनी त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. या आजारात तांबड्या पेशी वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या बंद करतात, आणि त्यांना वाकडं व्हायला जी निमित्तं लागतात ती शाळेतल्या मुलांनाही पाठ आहेत: थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, प्राणवायू कमी पडणं. आता वरचे उपाय पुन्हा वाचा. एकात कातडीची घडी गोठवतात. दुसऱ्यात अंगातल्या पाण्याची मोठी उलथापालथ होते, भूल दिली जाते, नंतर कित्येक आठवडे घट्ट पट्टा आवळतात. सिकलसेलच्या वाहकाला बहुधा काही होणार नाही. रुग्णाला होऊ शकतं, आणि सौम्य आजार असलेल्या कित्येकांना आपण रुग्ण आहोत हे विशी-पंचविशीपर्यंत कळतच नाही. अशा मुलीला ऐन लग्नाच्या तोंडावर पहिला मोठा झटका टेबलावर यावा काय? मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ हे विचारतो. 'विनाशस्त्रक्रिया' म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रापाशी भूलतज्ज्ञ नसतो, म्हणून तिथे कुणी विचारत नाही. सिकलसेलची साधी तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत फुकट होते. विदर्भाच्या या पट्ट्यात चरबीवरच्या कुठल्याही उपायाआधी त्या तपासणीचा कागद फाइलला लावणं बंधनकारक करा. यात सरकारचा पैसा जवळजवळ जात नाही.

दुसरा मुद्दा माझ्या जुन्या नोकरीचा आहे.

क्युलेक्स डासाने हत्तीरोगाचे कृमी अंगात सोडले की ते लसिकावाहिन्यांत घर करतात आणि त्या वाहिन्या निकामी करतात. औषधाने कृमी मरतात, नव्याने पसरणं थांबतं. सामूहिक औषधोपचाराच्या मोहिमा त्यासाठीच आहेत, तीन औषधं एकत्र देण्याचा प्रयोग देशात आधी ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाला त्यांत २०१९ मध्ये नागपूर जिल्हाही होता, आणि २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं केंद्राचं उद्दिष्ट आहे. ते गाठलं जावो. पण ज्याचा पाय आधीच सुजला त्याचा पाय गोळीने उतरत नाही. पुरुषांची अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते, ती शिबिरांतून होतेही. गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेच्या शोधग्राममधल्या दवाखान्यात बाहेरगावचे सर्जन येऊन अशा शस्त्रक्रिया करतात. पायाला मात्र आम्ही टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम दिलं. धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पाय उशीवर ठेवा. हे खोटं नव्हतं, त्याने ताप येण्याचे झटके खरंच कमी होतात. पण पाय तेवढाच राहतो.

वर्षानुवर्षं सुजलेल्या त्या पायात असतं काय? सुरुवातीला पाणी असतं, बोट दाबलं की खड्डा पडतो. पुढे खड्डा पडेनासा होतो. लोकांना वाटतं पाणी घट्ट झालं. प्रत्यक्षात साचलेल्या लसिकेच्या जागी चरबी आणि तंतू वाढलेले असतात. स्वीडनमधल्या माल्मोचे सर्जन हाकन ब्रॉर्सन यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर सुजलेल्या हातांत हीच चरबी पाहिली आणि ती लायपोसक्शनने काढायला सुरुवात केली. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं की नळी आणि दाबाचा मोजा मिळून हात दुसऱ्या हाताएवढा होतो, नुसत्या मोज्याने होत नाही. पुढे पायांवरही हे झालं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने दीर्घकाळच्या लसिकासुजेसाठी ही पद्धत मान्य केली आहे. म्हणजे चंद्रपुरात जी नळी कंबर बारीक करायला वापरतात, तीच नळी नागभीडच्या बाईच्या पायातलं ओझं काढू शकते.

मी यात गूळ लावून काही सांगत नाही. हत्तीरोगाच्या पायात तंतू जास्त असतात, कातडी जाड आणि चिरलेली असते; सगळ्यांना नळीचा उपयोग होणार नाही, काहींना कापून काढण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही. सूज अजून खड्डा पडणारी असेल तर आधी पट्ट्या बांधून पाणी उतरवावं लागतं. पायावर काम करताना रक्त थांबवायला वर पट्टा आवळतात, तो सिकलसेलच्या रुग्णाला घातक ठरू शकतो, म्हणजे इथेही आधी रक्त तपासा. आणि निकामी वाहिन्या काही परत येत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेनंतर दाबाचा मोजा रात्रंदिवस, जन्मभर. सोडला की पाय पुन्हा भरतो. ४५-४६ अंशांच्या उन्हाळ्यात तो मोजा घालून दाखवा, असं मला कुणी म्हणालं तर मी गप्प बसेन. रोवणीच्या दिवसांत तो घालून बांधीतल्या चिखलात कसं उतरायचं, याचं उत्तर स्वीडनमध्ये मिळणार नाही. ते इथेच शोधावं लागेल: शस्त्रक्रिया धान निघाल्यावर, दिवाळीनंतर करावी, हिवाळ्यात मोज्याची सवय व्हावी, आणि रोवणीच्या हंगामात त्या बाईला रोजगार हमीचं कोरड्यातलं काम द्यावं. असा विचार करणारा माणूस मुंबईत नसतो म्हणून तो जिल्ह्यात नेमावा लागतो.

प्लास्टिक सर्जरीसारख्या विद्येला अशा कामाला लावणं ही या राज्यात नवी गोष्ट नाही. डॉ. नोशीर अँटिया इंग्लंडमध्ये गिलीज या प्लास्टिक सर्जनकडे शिकून आले आणि पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात चेहरे आणि हात दुरुस्त करू लागले. पुढे जे. जे. रुग्णालयात त्यांनी टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला. आज जे सर्जन बांद्र्यात कंबरा घडवतात त्यांच्या विद्येची या राज्यातली एक मुळी कुष्ठरोग्याच्या बसलेल्या नाकात आहे. आमच्याकडे अस्वल माणसाचा चेहराच धरतं. फाटलेला गाल शिवून झाला तरी व्रण ओढत राहतो, पापणी मिटत नाही. अशा व्रणाखाली चरबी पेरली तर तो मऊ पडतो आणि खड्डा भरून येतो. भाचीच्या गालाचा उपाय खरा लागू होतो तो इथे.

आता पैशाचं. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी आहे, ते ठीक आहे. पण २०१७ च्या अधिसूचनेत प्लास्टिक सर्जरीला सूट कधी, तर शरीराची रचना किंवा कार्य जन्मजात दोषाने, वाढीतल्या विकृतीने, इजेने किंवा आघाताने बिघडलं असेल तर. यादीत आजार हा शब्द नाही. अस्वलाने फाडलेला गाल सुटला, डासाने सुजवलेला पाय शब्दशः अडकला. कोणी अधिकारी म्हणेल की आजाराचा उपचार वेगळ्या कलमाखाली येतोच. असेल, मग ते लिहून टाका, म्हणजे नागपूरच्या रुग्णालयातल्या बिलाच्या खिडकीवर वाद होणार नाही. हे अर्थखात्याचं काम आहे, जीएसटी परिषदेत राज्याने मांडायचं आहे, हे मला ठाऊक आहे. जाहिराती अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि गडचिरोलीचं नवं वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, हेही ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळ एकच आहे ना?

जाहिरातींसाठी नवा कायदा लागत नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणा नाव घेऊन आहे, आणि 'औषध' या शब्दाची व्याख्या त्या कायद्यात इतकी रुंद आहे की शरीराच्या रचनेवर परिणाम करण्यासाठी विकलेली वस्तूही तिच्यात बसते. सत्तर वर्षं झाली, भिंतीवरच्या कागदाला तो कायदा अजून लावून बघायचा आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्याच्या प्रक्रिया कुणी कराव्यात याबद्दल सूचना काढल्या. त्यांतलं चार ओळींचं मराठी करून प्रत्येक दवाखान्याच्या दाराशी लावायला सांगा. वजन उतरणार नाही, साखर उतरणार नाही, हे त्यातलं पहिलं वाक्य असावं.

आणि मोज्यांचं. गडचिरोलीच्या महाविद्यालयात हिवाळ्यात नागपूरहून प्लास्टिक सर्जन आणून हत्तीपायाची शिबिरं घेतली, महात्मा फुले योजनेत हे बसतं की नाही ते आरोग्यमित्राला ठामपणे सांगता येईल असं यादीत लिहिलं, तरी सगळं अडणार ते मोज्यावर. मापाने बनवलेला दाबाचा मोजा महाग असतो, प्रत्येकाला एका पायासाठी दोन लागतात, एक धुवायला आणि एक घालायला, आणि काही महिन्यांत त्याचा दाब ढिला पडतो. अंदाजपत्रकात एकदाच तरतूद करून भागणार नाही. ती दरवर्षी करावी लागेल, माणूस जगेल तितकी वर्षं.

आपला,
हत्तीरोग नियंत्रण पथकाचा एक निवृत्त कर्मचारी
तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर